पेटी राहू द्या, फुटपाथ दाखवा

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराने फुटपाथवरच्या जाहिरातपत्रांच्या 62 पेट्या हटवायला काढल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1993 साली शहर हरलं. म्हैसूरच्या हेब्बाळमध्ये असलं लचांड नाही. इथला पेपरवाला पहाटे पोतं अंथरतो, पुरवण्या अंकात खुपसतो आणि इन्फोसिसच्या फाटकाशी वर्दळ सुरू व्हायच्या आत सायकलला टांग मारतो. उरलेले चार अंक तिथेच बसून विकायचे म्हटले, तर 2014 चा पथविक्रेता कायदा आहेच: सर्वेक्षण, समिती, प्रमाणपत्र, सगळं साग्रसंगीत. ट्रान्सफॉर्मर, उखडलेल्या फरश्यांचा ढीग आणि आडवी लावलेली बुलेट यांना मात्र प्रमाणपत्र लागत नाही. बरोबरच आहे म्हणा. ती मंडळी काही विकत नाहीत, नुसती बसतात.