काडी लावणारे काकाजी

यवतमाळात दारव्हा रोडला राहा की वाघापूरला, प्रत्येक ले-आउटमध्ये एक काडीवाले काकाजी असतातच. कचेरीतून निवृत्त, हातात कैची, खिशात सुतळी. जिल्हा कपाशीचा, पण काकाजींना नाद द्राक्षाचा. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 सालचं. काकाजींचा नाद त्याच्याही आधीचा, असं काकू सांगतात आणि कपाळाला हात लावतात.

भाचेजावई नाशिककडचे बागायतदार. ऑक्टोबरात तिकडे गोडी छाटणी झाली की बांधावर काड्यांचे ढीग पडतात. दिवाळीला लोक गावाहून फराळ आणतात. काकाजी ओल्या पोत्यात गुंडाळलेली जुडी आणतात. एस.टी.त स्वतः अर्ध्या तिकिटावर, खिडकीची जागा जुडीला.

ज्ञान मात्र पक्कं. काडी पेन्सिलीएवढी जाड, चार डोळ्यांची. खाली सरळ काप, वर तिरपा, म्हणजे उलटी खोचली जात नाही. दोन डोळे मातीत, दोन बाहेर. आपली काळी माती नुसती भरू नका, पाणी धरून बसते, काडी सडते. वाळू घाला, शेणखत घाला. वाटीभर साखर मागायला आलेल्या वहिनींनाही हे सगळं ऐकूनच साखर मिळते. त्यातून बसल्याच, तर एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या द्राक्षवेलींची मुळं एका किडीनं कशी फस्त केली आणि अमेरिकन खुंटावर कलमं बांधून त्या कशा वाचवल्या, तेही येतं. डॉगरिज खुंटापर्यंत पोचेस्तोवर वहिनींचा चहा उतू गेलेला असतो.

आठ-पंधरा दिवसांत डोळा फुटतो, पोपटी पान येतं. खरं तर हे पान काडीच्या पोटातल्या शिदोरीवर फुटतं; मुळीचा अजून पत्ता नसतो, कधी कधी ती येतच नाही. काकाजींना हेही पाठ आहे. तरी पान दिसलं की ते मांडवासाठी लोखंडी अँगलचा भाव काढून येतात, पहिला घड कोणाचा आणि दुसरा कोणाचा हे फाटकातून जाहीर करतात. मग रात्री शंका येते. सकाळी काडी हळूच उपटून पाहतात, नुकत्या धरलेल्या चार पांढऱ्या मुळ्या तुटतात, आणि दुपारपर्यंत पान मान टाकतं. "हवा लागली," काकाजी म्हणतात.

जी काडी काकाजींच्या नजरेतून सुटते, ती जगते. मे महिन्यात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो, तेव्हा काकूंनी भांडी विसळलेलं पाणी तिला जातं. काकूंची आंघोळ बादलीवरून तांब्यावर येते. वेल गच्चीपर्यंत चढतो. द्राक्षं? ती नाही आली कधी. बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात, मग नव्या काडीच्या डोळ्यांत घड धरतो, आणि ती काडी पिकली की ऑक्टोबरात गोडी छाटणी. काकाजींकडे एप्रिल-ऑक्टोबर नाही. पाहुणा आला की छाटणी! घड धरणारी काडी फळ दाखवण्याआधीच पाहुण्याच्या पिशवीतून आर्णीला, पुसदला, वणीला रवाना. रिकाम्या हातानं त्या घरून कोणी गेलेलं नाही. परतीच्या वाटेवर कितीजणांनी ती एस.टी.त विसरल्यासारखी केली, ते कंडक्टरला ठाऊक.

समोरच्या वहिनींनी मात्र शहाणपणा केला. काकाजींचीच काडी लावली, पण फाटकाला कुलूप घातलं आणि वर भाड्यानं राहणाऱ्या कृषी सहायकाकडून दोन्ही छाटण्या वेळेवर करून घेतल्या. यंदा मार्चमध्ये मांडवाखाली घड लोंबले. मान म्हणून पहिलं बोलावणं काकाजींना. वहिनींनी ताट पुढे केलं. काकाजींनी दोन मणी तोंडात टाकले, मान हलवली आणि वर मांडवाकडे पाहत राहिले.

"गोड हाय, गोड हाय. पण वहिनी, ती काडी पाहा, पेन्सिलीएवढी झाली. कैची हाय काय घरात?"