लेखी द्या!

सरकारी कार्यालयात तोंडी काही चालत नाही. रजा हवी? लेखी द्या. पंखा बंद पडलाय? लेखी द्या. दिलेला अर्ज हरवला? मग हरवल्याचं लेखी द्या. उदगीरच्या एका कार्यालयात (नाव कशाला, उगाच कुणाची तरी बदली व्हायची) या नियमाला एकच अपवाद आहे. ज्या कारकुनाला ऐकू येत नाही, त्याला मात्र सगळं तोंडी!

साहेब केबिनमधूनच हाक मारतात. ती बसस्टँडपर्यंत जाते, फक्त त्याच्या टेबलापर्यंत पोचत नाही. मग शिपाईमामा येऊन खांद्यावर थाप देतात आणि हवेत एक चौकोन काढतात. हा चौकोन म्हणजे फाईल, आवक-जावक रजिस्टर की चहाचा ट्रे, हे ज्याचं त्यानं ओळखायचं.

आणि हे उदगीर बरं का! इथल्या बाजारात मराठीत सुरू झालेला सौदा उर्दूत तापतो अन् कन्नडमध्ये मिटतो, कुणाचंच अडत नाही. 2022 साली 95वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथंच भरलं. त्या गावात एका माणसाला चार ओळी लिहून देणं काही जमंना.

त्यानं मागितलं तरी काय? सूचना कागदावर नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर द्या, बैठकीचं थोडक्यात टिपण द्या. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 20नुसार सरकारी आस्थापनेनं अशा वाजवी सोयी द्यायच्याच असतात. अर्जावर शेरा पडला, 'निधीची तरतूद नाही.' पेन्सिलीला! कलम 23 म्हणतं, तक्रार निवारण अधिकारी नेमा. नेमलाय की. त्यांच्या दारावर पाटी आहे : 'भेटीपूर्वी फोन करावा.'

3 डिसेंबरला, दिव्यांग दिनी, मात्र हयगय नाही. शाल, नारळ आणि त्याच्याच गौरवाचं पाऊण तासाचं भाषण, माईकवरून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यानंही वाजवल्या.

परवा चारची बैठक ओरडून कळवली गेली. तो आला नाही. दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस हातात पडली, टाईप केलेली, जावक क्रमांकासह, पोच घेऊन. नोकरीत त्याला मिळालेली ही पहिली लेखी सूचना.

त्यानं लगेच खुलासा दिला : 'नोटीस मिळाली. मजकूर पूर्ण समजला. यापुढे सर्व सूचना याच पद्धतीने मिळाव्यात, ही नम्र विनंती.'

साहेबांनी समासात हिरव्या शाईनं लिहिलं : 'खुलासा उद्धट. संबंधितास तोंडी समज द्यावी.'