फर्दापूरचा समुद्रकिनारा : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

गिअरची सायकल काढावी, चार मित्र गोळा करावेत आणि कुणालाही ठाऊक नसलेला समुद्रकिनारा शोधून काढावा, ही हौस हल्ली चाळिशीच्या आसपास बळावते. कोकणात ती भागत नाही. तिथला किनारा गुप्त असल्याची बातमी आपल्या आधीच दोन बसगाड्या भरून पोचलेली असते, आणि माडाखाली सायकल टेकवली तरी कुणीतरी पावतीपुस्तक घेऊन धावत येतं. म्हणून जाणत्यानं फर्दापूर गाठावं. हे गाव सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी, छत्रपती संभाजीनगर–जळगाव रस्त्यावर आहे. इथून अरबी समुद्र कावळ्याच्या वाटेनं धरला तरी तीनशे किलोमीटरच्या आसपास पडतो. किनाऱ्यानं याहून अधिक लपावं तरी किती?

प्रथम सोबती. चार पुरेत. एक, ज्याची सायकल त्याच्या मोटारसायकलपेक्षा महाग आहे. तो वाटेत प्रत्येक दगडाशी थांबेल, त्यामुळे बाकीच्यांना दम खायला मिळतो. दुसरा, जो मोबाइलमधला नकाशा बघतो आणि रस्ता बघत नाही. तिसरा, ज्याला घरून दर अर्ध्या तासानं फोन येतो. आपण कुठवर आलो याचा हिशोब त्याच्याकडून आपोआप राहतो. आणि चौथा, ज्याला पंक्चर काढता येतं. पहिल्या तिघांपैकी कुणी ऐनवेळी टांग दिली तर खुशाल निघावं. चौथा आला नाही तर बेत मोडावा.

चौथ्याचं महत्त्व कळायला सराट्याची ओळख हवी. सराटा म्हणजे जमिनीलगत पसरणाऱ्या वेलीचं काटेरी फळ. ते कसंही पडलं तरी त्याचं एक टोक आभाळाकडेच असतं. डोंगरावर चालवायच्या सायकलचं जाड नक्षीचं टायर पाहून नवशिक्या निर्धास्त होतो. सराट्याला त्या नक्षीचं काही पडलेलं नसतं. हवा गेली की चाक काढावं, ट्यूब बाहेर ओढावी, कुणाच्या तरी गोठ्यापुढचं घमेलं मागून त्यात ती फिरवावी आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहावं. तिथे पॉलिशपेपरनं घासून सोल्यूशन लावावं आणि ते वाळेपर्यंत बोट लावू नये. हा संयम नवशिक्याजवळ नसतो. पॅच बसला की तो ट्यूब आत घालायला धावतो, आणि त्याच क्षणी चौथा त्याचा हात धरतो. आधी टायरच्या आतून बोट फिरवायचं असतं; मूळ काटा अजून तिथंच बसलेला असतो. तो काढला नाही तर पुढच्या फर्लांगावर घमेलं शोधायची पाळी येते, आणि दुसऱ्या घरचं घमेलं दर वेळी रिकामं असेलच असं नाही.

ऋतूबद्दल मतभेद आहेत, पण ते ऐकू नयेत. एप्रिल-मेमध्ये फर्दापुरात सायकलचं हँडल हातात धरवत नाही. हिवाळ्यात हवा छान, पण पाणी आटत जातं आणि किनारा म्हणून दाखवायला नुसते गोटे उरतात. तेव्हा श्रावण-भाद्रपदच बरे. त्यात अडचण एकच, काळी माती. शेतातल्या पायवाटेनं जवळचा रस्ता आहे असं दुसऱ्यानं नकाशात बघून सांगितलं की समजावं, आता खांद्यावर सायकल घ्यायची आहे. माती टायरला चिकटते, टायरवरून फोर्कमध्ये भरते, ब्रेकमध्ये शिरते, चेनवर चढते आणि वीसेक वारांत चाक फिरायचं थांबतं. मग बांधावर बसून गेल्या वर्षीच्या पऱ्हाटीची काडी घ्यावी आणि टोचून टोचून माती काढावी. सत्तावीस गिअर असलेल्या यंत्राची सगळी भिस्त एका पऱ्हाटीच्या काडीवर येते, हे पाहायला बांधावर हमखास दोन-तीन माणसं जमलेली असतात. ती काही बोलत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

एवढं झाल्यावर पहिला किनारा लागतो. तो वाघूर नदीचा. नवशिक्यानं इथे निराश होऊ नये. वाघूर अजिंठा लेण्यांच्या माथ्यावरून कोसळते, घोड्याच्या नालासारख्या वळणाच्या दरीतून बाहेर येते आणि उत्तरेला खानदेशात उतरून तापीला मिळते. तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. याच डोंगररांगेच्या दक्षिण उतारावरचा पाऊस मात्र पूर्णेतून गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जातो. म्हणजे माथ्यावर योग्य जागी उभं राहून पाण्याची बाटली दोन बाजूंना शिंपडली तर दोन समुद्रांना पाणी दिल्याचं श्रेय मिळतं. पुस्तकी हिशोबानं वाघूरकाठी उभा असलेला माणूस समुद्राच्या वाटेवरच उभा असतो. हे काठावरच्या कुणा शेतकऱ्याला पटवू जाऊ नये. आम्ही गेलो.

“काय पाहता, भाऊ?”

“हे पाणी समुद्राला जातं, आबा.”

“आधी धरणात जातं. मग जळगावच्या नळाला. उरलं तर जाईन तुमच्या समुद्राला.”

आबांचं बरोबर होतं. जळगाव वाघूर धरणाचं पाणी पितं, आणि त्यातून सुटलेलं पाणी तापीला मिळालं तरी पुढे उकाई धरण आहेच.

तेव्हा खरा किनारा. त्यासाठी फर्दापूरच्या टी-पॉइंटला सायकली लावाव्यात, कुलूप घालावं आणि तिथून लेण्यांकडे जाणारी बस धरावी. पुढे चारेक किलोमीटर आपली वाहनं नेऊ देत नाहीत. महागड्या सायकलवाल्याला इथे मागे राहावंसं वाटेल. राहू द्यावं. मात्र सोमवारी कुणीच येऊ नये, लेणी बंद असतात. समुद्रकाठी शिंपल्यांच्या माळा विकणारे असतात तसे इथे दगडवाले मागे लागतील. सगळा डोंगर लाव्हाचा, शंख-शिंपला औषधालाही सापडायचा नाही. पण लाव्हाच्या पोकळ्यांत तयार झालेले स्फटिक अस्सल असतात आणि सांगितलेली किंमत तितकी अस्सल नसते.

दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात जहाज आहे. तीन शिडं, मागच्या अंगाला ओळीनं मांडलेले घडे, भोवती पाण्यातले अक्राळविक्राळ जीव, आणि हात जोडून बसलेला एकटा माणूस. गोष्ट पूर्णाच्या अवदानातली, म्हणजे बौद्ध पुण्यकथेतली आहे. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. पुढे भिक्षू झाला. भाऊ चंदन आणायला समुद्रापार गेला, तिथल्या यक्षानं वादळ उठवलं आणि पूर्णानं भावाला वाचवलं. भगवानलाल इंद्रजींनी 1882 साली सोपाऱ्याचा स्तूप खणला. आज तिथे लोकलनं जाता येतं. त्या काळी सोपाऱ्याला उतरलेला माल नाणेघाट चढून पैठणला आणि तिथून या डोंगरांतल्या खिंडींतून उज्जैनीकडे जाई. फर्दापुरात मोगल काळातली सराई आहे, ती त्याच वहिवाटीची पुढची पिढी म्हणायची. समुद्र या रस्त्यानं बैलाच्या पाठीवर बसून वर आला, असं माझं मत आहे. घडे इतके नीट मांडणाऱ्या चित्रकाराला कुणीतरी जहाजावर राहून आलेल्यानं चार गोष्टी सांगितल्या असणार.

पण आपल्या कामाची भिंत सतराव्या लेण्यात. पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळी, त्याचा मांडलिक उपेंद्रगुप्त यानं हे लेणं करवलं. आत एका वेळी ठरावीक माणसंच सोडतात, चपला-बूट बाहेर काढायचे, फ्लॅश बंद. उजव्या भिंतीपाशी उभं राहून डोळे अंधाराला सरावू द्यावेत. हळूहळू समुद्र दिसायला लागतो.

सिंहल नावाचा व्यापारी पाचशे साथीदार घेऊन ताम्रद्वीपाकडे निघाला. जहाज फुटलं. मंडळी ज्या किनाऱ्याला लागली तो कुणालाच ठाऊक नव्हता, म्हणजे तंतोतंत आपल्याला हवा तसा. तिथे सुंदर बायका सामोऱ्या आल्या, तंबू होते, खाणंपिणं होतं, राहायची सोय होती. बायका राक्षसिणी निघाल्या आणि पाहुणे हाच त्यांचा आहार. लपलेल्या किनाऱ्यावर मित्रांसह केलेल्या सहलीचं याहून सविस्तर वर्णन मी तरी कुठं पाहिलेलं नाही, आणि नवशिक्यानं पाळायच्या सगळ्या सूचना त्यात आल्या आहेत. अनोळखी जागी फारच आगतस्वागत होऊ लागलं तर आधी इथं आलेली माणसं कुठे आहेत, याची चौकशी करावी. परतीचं वाहन आधी ठरवावं: सिंहलाला आकाशातून उडणारा पांढरा घोडा मिळाला, बलाह, जो बोधिसत्त्व होता, आपल्या वाट्याला शेवटची एसटी. आणि निघाल्यावर मागे वळून बघायचं नाही. घोड्यानं हे बजावून सांगितलं होतं. ज्यांनी वळून पाहिलं ते खाली पडले आणि खाल्ले गेले. एकटा सिंहल परत पोचला. अजिंठ्याच्या घाटातून सायकलनं उतरणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे, कारण मागे मित्र कुठवर आलाय ते बघण्यात समोरून आलेला ट्रक दिसत नाही.

गोष्ट इथे संपत नाही. एक राक्षसीण मूल कडेवर घेऊन सिंहलाच्या गावी आली, हा माझा नवरा म्हणाली. राजानं सिंहलाचं ऐकलं नाही, तिला राजवाड्यात ठेवून घेतलं आणि एका रात्रीत राजवाडा फस्त झाला. मग लोकांनी सिंहलाला राजा केलं आणि तो सैन्य घेऊन त्याच किनाऱ्यावर परत गेला. भिंतीवर नावांमध्ये उभे हत्ती आहेत. गुप्त जागेचा पत्ता एकाला कळला की पुढच्या खेपेला तिथे किती गर्दी होते, याचा हा पुरावा पंधराशे वर्षं जुना.

ज्यांना हत्ती दिसले नाहीत त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. ब्रिटिश चित्रकार क्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी 1909 ते 1911 च्या हिवाळ्यांत इथे मुक्काम टाकून या भिंतींच्या नकला केल्या, आणि मदतीला नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्यासारखे तरुण होते. त्यांचा तळ फर्दापूरला असे. तिथून रोज लेण्यांपर्यंत जाणं-येणं, आणि मग दिवसभर अंधारात रेघा शोधणं. आपल्याला अर्ध्या तासात सगळं दिसावं ही अपेक्षाच जास्तीची आहे.

लेण्यांसमोरच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटला जायचं असेल तर दुसरा दिवस ठेवावा. 28 एप्रिल 1819 ला मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ तिथून लेणी पाहून खाली उतरला आणि दहाव्या लेण्यात आपलं नाव नि तारीख कोरून ठेवली. लपलेली जागा सापडल्यावर माणूस पहिलं काम काय करतो ते यात आलं. खालच्या गावकऱ्यांना लेणी ठाऊक होतीच. त्यांनी नावं कोरली नव्हती एवढंच.

संध्याकाळी टी-पॉइंटला येऊन आधी सायकली मोजाव्यात, मग हवा बघावी. फर्दापुरात शेवभाजी आणि भाकरी मागवावी; ठेचा न मागता येतो. जेवताना दुसरा नकाशा उघडून लोणारचं सरोवर दाखवेल, पाणी खारं आहे, काठ आहे, समुद्राचं निम्मं काम झालं म्हणेल. तिसऱ्याचा फोन वाजत असेल. चौथ्याला विचारावं, सोल्यूशनची ट्यूब किती उरली आहे, आणि त्यावर ठरवावं.