जिवंत दुवा कसा जोडावा: नवशिक्या गुरुजींसाठी

दुवे नेहमी रात्री घरी बसून जोडावेत. तेव्हा नेट सुसाट असतं आणि माणूस आशावादी. पीपीटीतला शब्द निवडा, कंट्रोल आणि के एकदम दाबा, उघडलेल्या चौकटीत पत्ता चिकटवा. शब्द रंग बदलतो, खाली रेघ येते. एकदा हे जमलं की हात आवरत नाही. वैनगंगेच्या धड्यात ‘आणि’लासुद्धा दुवा दिलेले शिक्षक भंडारा जिल्ह्यात निघतील.

दुवा नुसत्या टिचकीनं उघडतो तो स्लाइड शो चालू असतानाच. तेव्हा आधी एफ-५ दाबा, मग टिचक्या मारा. डेस्कटॉपवरच्या व्हिडिओला दुवा दिला असेल तर पेनड्राइव्हवर एकटी पीपीटी आणू नका. व्हिडिओ जेवणाच्या डब्यासारखा घरीच राहतो.

आता पत्ता कुठला द्यायचा? पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागे दीक्षा पोर्टल आहे, शिवाय नकाशांसाठी इस्रोचं भुवन आहे. पण भंडाऱ्याच्या वर्गाला दाखवावं असं खरं प्रकरण म्हणजे गूगल अर्थचं टाइमलॅप्स. १९८४पासूनची उपग्रहचित्रं त्यात ओळीनं सरकतात. पवनीजवळ वैनगंगेवरच्या गोसेखुर्दवर थांबा. धरणाची पायाभरणी १९८८ची, दारं ३३. सुरुवातीला नदी नदीएवढीच दिसते. पुढं भिंत उभी राहते आणि वरच्या अंगाला पाणी शेतांत पसरत जातं. फळ्यावर हे काढून दाखवायला मी तरी धजणार नाही.

२०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’नंतर लोकवर्गणीतून गावोगाव प्रोजेक्टर आले. वर्गणीत वीज आणि रेंज धरलेली नव्हती. म्हणून स्वतःचा मोबाइल हॉटस्पॉट करून खिडकीच्या गजाला टांगावा. ऐन धड्यात त्यावर ‘माहिती तात्काळ सादर करावी’ असा निरोप येईल, पाठोपाठ फोन येईल. फोन घ्यायला मोबाइल काढला की पडद्यावर चक्र फिरू लागतं. “गुरुजी, फिरूनच रायलं जी!” असं पोरं कळवतात. तोवर तेराचा पाढा घ्या. तो संपूनही चित्र १९९६लाच अडकलेलं असेल, तर गप्प उभे राहा.

कारण तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, “इथं आमचं जुनं गाव होतं जी. आता पानी हाय.” दुसरी सांगते, पुनर्वसनात घर मिळालं, पण आजीचं आंब्याचं झाड खालीच राहिलं. तिसऱ्याला मोबदल्याचा हिशेब तोंडपाठ असतो. त्याला थांबवणं अवघड. १९९६च्या पुढची सगळी वर्षं वर्ग स्वतःच भरून काढतो. मग रेंज येते, चित्र भराभर पुढं सरकतं आणि तिकडं कोणाचंच लक्ष नसतं. याला घटकनियोजनाच्या रकान्यात जागा नाही. ‘आयसीटीचा वापर केला’ असं लिहा.

तपासणीच्या दिवशी मात्र हा धोका पत्करू नये. पॉवरपॉइंटच्या इन्सर्टमध्ये स्क्रीन रेकॉर्डिंग असतं. त्यावर सगळं आधीच टिपून ठेवा आणि तेच लावा. साहेब खुर्चीत मागं रेलून विचारतील, “लाइव्ह आहे ना?” मान डोलवा, आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत माउस हलवत राहा.