अँगलकाका

प्रत्येक जिममध्ये एक अँगलकाका असतो. हा ट्रेनर नव्हे. ट्रेनर पगार घेतो, त्यामुळे अधूनमधून गप्पही बसतो. अँगलकाका स्वतः फी भरून दुसऱ्यांना शिकवतो.

वय पन्नाशीच्या आसपास, नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती, पायांत सपाट तळव्याचे बूट. गुबगुबीत रनिंग शूज घालून स्क्वॉट मारणाऱ्यांकडे तो करुणेने बघतो. बघून थांबला तर प्रश्नच नव्हता. तुम्ही खांद्यावर बार घेऊन खाली बसलात की तोही खाली जातो, पार आडवा. गाल रबरी मॅटला टेकलेला, मोबाईल तुमच्या घोट्याच्या पातळीवर, स्लो मोशन चालू. तुम्ही धापा टाकत बार ठेवता आणि समोर स्क्रीन येते. "हे बघ, आठव्या रेपला डावी टाच सुटली." मग दोन बोटांनी टाच मोठी करून दाखवली जाते. आपली टाच इतक्या जवळून आपण कधी पाहिलेली नसते, आणि पाहण्यासारखी ती नसतेही.

पूर्वी त्याचा हेका होता की गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये. मग 2003 सालचं एक संशोधन त्याच्या वाचनात आलं. गुडघा जबरदस्तीने मागे रोखला तर त्याच्यावरचा ताण कमी होतो, पण तो भार नितंबाच्या सांध्यावर आणि कंबरेवर पडतो. आमच्या तालमींतले पैलवान पिढ्यान्‌पिढ्या गुडघे पुढे काढूनच बैठका मारत आले, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पण माणूस प्रामाणिक. आधी उलटं सांगितलेल्या प्रत्येकाला त्याने गाठून दुरुस्ती कळवली, एकाला तर लग्नाच्या पंगतीत.

धावण्यात त्याचं दैवत म्हणजे 180. जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकाने 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली, तेव्हा जवळजवळ सगळे मिनिटाला 180 किंवा त्याहून जास्त पावलं टाकत होते. तेव्हापासून हा आकडा काकासारख्यांच्या डोक्यात बसलाय. मोबाईलवर टिकटिक लावून तो तळजाई टेकडीवर लोकांच्या मागे धावतो. एक काकू थांबून म्हणाल्या, "अहो, ते बंद करा आधी. मला घरी कुकर लावून आल्यासारखं वाटतंय."

पंचाईत अशी, की मुद्दा खोटा नाही. लांब ढांग टाकली की पाऊल शरीराच्या फार पुढे पडतं आणि दणका गुडघा खातो. मात्र त्यासाठी 180 गाठायची गरज नसते. आपली नेहमीची पावलं पाचेक टक्क्यांनी वाढवली तरी गुडघ्यावरचा भार हलका होतो. पाच टक्के म्हटलं की काकाचा चेहरा पडतो. त्यात गजर कसला लावणार?

2025 मध्ये हायरॉक्स स्पर्धा मुंबईत आली आणि काकाला नवं क्षेत्र मिळालं. 1 किलोमीटर धावायचं, मग एक व्यायाम, असं 8 वेळा. शेवटी 100 वॉल बॉल, म्हणजे बॉल घेऊन खाली बसायचं आणि उठताना तो वर भिंतीवर फेकायचा. नितंब गुडघ्याच्या खाली गेले नाहीत तर तो रेप धरत नाहीत. काका पंच झाला. त्याच्या "नो रेप!"ने बॅचमधली निम्मी मंडळी सकाळऐवजी संध्याकाळी येऊ लागली.

एका रविवारी पोरांनी त्यालाच उतरवलं. किलोमीटरभर पळून आल्यावर 6 किलोचा बॉल हातात दिला. पहिले काही रेप्स पुस्तकातल्या चित्रासारखे. श्वास चढला तसे गुडघे आत वळले, छाती पडली, आणि टाचा उचलल्या, दोन्ही. बॉल खाली ठेवत तो म्हणाला, "आज बूट चुकले."

बूट बरोबर होते. दम लागला की माहीत असलेलं सगळं पायांपर्यंत पोचत नाही, म्हणून ते ताजेपणी घोटावं लागतं आणि ढब बिघडायला लागली की सेट थांबवावा लागतो.

तेव्हा तुमच्या अँगलकाकाला ग्रुपवर म्यूट करू नका. त्याला वॉर्मअपलाच गाठा, एका वेळी एकच चूक सांगायची असं बजावा, आणि घड्याळ सुरू झालं की त्याच्या हाती बॉल द्या.