भुताला हात नसतात

‘‘भूत आलं की रहस्य संपलं.’’ गेल्या शनिवारी आमच्या वाचनमंडळात एका जाणत्या सदस्यांनी निकाल दिला आणि मंडळी पुढच्या पुस्तकाकडे वळली. मी मात्र तिथेच थांबले. कारण ज्या पुस्तकमालेवर हा निकाल लागला, तिने माझी कितीतरी रात्रींची झोप आनंदाने खाल्ली आहे आणि तिची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

माला अमेरिकेतली आहे. ऱ्होड आयलंड राज्यातलं क्विंडिकॉट नावाचं कल्पित गाव. तिथे पेनेलोपी ही तरुण विधवा लहान मुलाला घेऊन न्यूयॉर्कहून येते आणि मावशीचं डबघाईला आलेलं पुस्तकांचं दुकान चालवू लागते. दुकानात एक भूत आहे. जॅक शेपर्ड, पेशाने खासगी गुप्तहेर. १९४९ साली एका प्रकरणाचा माग काढत तो याच जागेत शिरला आणि गोळी लागून मेला. त्याचा आवाज फक्त पेनेलोपीला ऐकू येतो, तोही डोक्यात. पहिलं पुस्तक, ‘द घोस्ट अँड मिसेस मॅक्लुअर’, २००४ मध्ये आलं. अ‍ॅलिस किम्बर्ली या टोपणनावामागे अ‍ॅलिस अल्फॉन्सी आणि मार्क सेरासिनी हे लेखक जोडपं आहे.

आता त्या निकालाकडे वळू. तो नवा नाही. रोनाल्ड नॉक्स हे इंग्लंडमधले कॅथलिक धर्मगुरू, स्वतः रहस्यकथा लिहिणारे. १९२९ मध्ये त्यांनी रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. त्यातल्या दुसऱ्याच नियमाने भुताखेतांना दाराबाहेर काढलं. नॉक्स यांचं म्हणणं मला पटतं. खुनी कोण हे भुतानेच येऊन सांगितलं, तर वाचकाने दोनशे पानं डोकं कशाला शिणवायचं? ती फसवणूकच.

पण जॅक काहीच सांगत नाही, कारण त्याला माहीतच नसतं. मेल्यामुळे तो सर्वज्ञ झालेला नाही. त्याला कुणाचा हात धरता येत नाही. त्याची सारी माहिती १९४९ ला थांबलेली. मोबाइल म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागतं. त्याच्याकडे उरलंय ते एवढंच: माणूस खोटं बोलताना कसा बोलतो, याची वर्षानुवर्षांची पारख. पेनेलोपीकडे हातपाय आहेत, पण गुन्ह्याच्या जगाचा तिला गंध नाही. त्याच्याकडे धंद्याचं शहाणपण आहे, पण हात नाहीत. कोडं सोडवायला दोघंही एकेकटे अपुरे पडतात आणि नॉक्सचा नियम मोडूनही वाचकाची फसवणूक होत नाही.

मला सगळ्यांत आवडतं ते एक नाणं. जॅक दुकानाला बांधलेला आहे, उंबरठा ओलांडू शकत नाही. मग त्याच्या काळातलं पाच सेंटचं जुनं निकेल पेनेलोपीला मिळतं. एका बाजूला बायसन असलेली ही नाणी अमेरिकेत १९१३ ते १९३८ या काळात पाडली जात. ते नाणं जवळ ठेवलं की जॅक तिच्याबरोबर कुठेही जाऊ शकतो. घरी विसरलं, की ती एकटी. म्हणजे संशयिताच्या दिवाणखान्यात बसून बाई चहा पीत असते आणि आपला जीव तिच्या पर्समधल्या पाच सेंटच्या नाण्यात अडकलेला असतो. रक्ताचा थेंब न दाखवता धास्ती वाटायला लावणं सोपं नाही. या जोडप्याने ते एका नाण्यावर करून दाखवलंय.

ही युक्ती त्यांचीच असं नाही. ब्रिटनमध्ये १९६९ साली ‘रँडल अँड हॉपकर्क (डिसीस्ड)’ ही मालिका सुरू झाली. दोन भागीदार गुप्तहेर, त्यातला एक पहिल्याच भागात मारला जातो आणि पांढरा सूट घालून परत येतो. पहाटेआधी थडग्यात परतायचं राहून जातं आणि शंभर वर्षं पृथ्वीवर भटकणं त्याच्या कपाळी येतं. दिसतो फक्त भागीदाराला. सव्वीस भाग झाले, आणि भिंतींतून आरपार जाणाऱ्या या भुताला मारेकऱ्याचा धक्का लागून कोसळणारा मित्र सावरता येत नाही, हे दुःख त्या सगळ्या गमतीखाली वाहत राहिलं.

तेव्हा ‘हलकंफुलकं’ हा शब्द नाक मुरडून वापरणाऱ्यांना माझं सांगणं आहे. बारा तास कामाने पिळवटलेलं माणूस रात्री अशा गावात जातं, जिथे पोस्टमन, प्राध्यापक आणि दुकानदार रोज कशावरून तरी वाद घालतात, खून होतो तो उघडकीला येतो आणि एका बाईच्या डोक्यात तिची काळजी करणारा आवाज असतो. ही विश्रांती आहे आणि ती नेकीने रचलेली आहे. पाचवं पुस्तक २००९ चं, सहावं थेट २०१८ चं. मधल्या नऊ वर्षांत मी आधीची पाच पुन्हा वाचली. खुनी माहीत असूनही वाचली. त्या दोघांचं बोलणं ऐकायला वाचली.

आणि आपल्याकडे? बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार दिला, धनंजय दिला. नारायण धारप, रत्नाकर मतकरींनी भय आणि गूढ दिलं. पण शोध घेणारा एका फडताळात आणि भूत दुसऱ्या फडताळात. दोघांना एका टेबलाशी बसवणारी, हसतखेळत चालणारी माला मी मराठीत शोधतेच आहे.

साहित्य तर दारात पडलंय. मुंजा घ्या. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत गेला, म्हणून पिंपळावर अडकलेला पोरगा. २०२४ च्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाने त्याला पुन्हा भीती दाखवायच्याच कामाला लावलं. खरं तर त्याला झाड सोडता येत नाही, ही मर्यादा लोकांनीच घालून ठेवली आहे. जॅकला दुकान, तसा याला पार. पाराखाली गाव बसतं, सगळ्यांच्या गोष्टी पोराच्या कानावर पडतात. पण अक्कल आठ वर्षांच्या मुलाची. कोण कुणाच्या जमिनीबद्दल बोललं ते तो घडाघडा सांगेल, अर्थ लावता येणार नाही. तो लावायला तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातल्या, निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या ग्रंथपालबाई हव्यात. त्या त्याला रागावतील, ‘‘अरे, नीट आठवून सांग,’’ म्हणतील, कधी त्याच्यासाठी पारावर श्रीखंडाची गोळी ठेवतील.

आणि त्याला गावभर न्यायचं कसं? लहानपणी आपण सगळ्यांनी वहीत पिंपळाचं पान ठेवलंय. हिरवा भाग गळून जाळी उरेपर्यंत रोज उघडून पाहिलंय. बाईंच्या देवघेवीच्या रजिस्टरात तसं एक पान आहे. रजिस्टर काखोटीला मारून त्या सरपंचांच्या ओसरीवर चढतात, आणि पानांमधून बारीक आवाजात कुणीतरी म्हणतं, ‘‘बाई, हाच तो.’’