सात किलो हवा

झोपाळ्याच्या पाटाला पॉलिश करायचं होतं, एवढंच. आजोबांच्या वेळचा सागाचा पाट. सुतारानं सांगितलं होतं, चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवा, कापडाचा बोळा घ्या आणि हात मारत राहा. दोन दिवसांचं काम, तीनशे रुपयांचा खर्च. पण बँकेतून निवृत्त झाल्यावर मी मागच्या खोलीत वर्कशॉप थाटलं होतं, आणि वर्कशॉपला बोळा शोभत नाही. स्प्रे गन पाहिजे. गनला हवा पाहिजे. हवेला कॉम्प्रेसर पाहिजे.

“हवा फुकट असते ना?” ही म्हणाली.

“सात किलो प्रेशरची नसते.”

“हवा किलोवर मिळते?”

किलो म्हणजे इथं चौरस सेंटिमीटरवरचा दाब, वजन नव्हे, हे मी तिला पोळ्या होईपर्यंत समजावलं. पुढं एकदा रिकामपणी हिशेब केला, तर १६० लिटरच्या टाकीत सात किलो प्रेशर भरलं तरी आतल्या हवेचं खरं वजन दीड किलोच्या आसपास भरतं. एवढी दीड किलो हवा धरून ठेवायला शंभर किलोंच्या वर लोखंड. हा हिशेब मी हिला सांगितलेला नाही.

नवा घ्यायची ऐपत होती, पण धाडस नव्हतं. म्हणून एका रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलो. तिथं एकाकडं कॉम्प्रेसर होता, फक्त मोटर नव्हती. “मोटर बुधवारी येईल,” तो म्हणाला. कुणाच्या कॉम्प्रेसरची येईल हे विचारायचं मी टाळलं.

शेवटी मेहुण्याला फोन केला. त्याची उभी हयात भोसरीच्या एमआयडीसीत गेली. तो म्हणाला, “दाजी, नीट ऐका. आधी हेडला हात लावा, गार असलं पाहिजे. गरम मशीन कसंही चालू होतं. मग टाकी रिकामी करायला लावा, चालू करा आणि घड्याळ धरा. दोन एचपीचा असेल तर सात-आठ मिनिटांत सात किलो झाले पाहिजेत. जास्त लागली तर रिंगा गेल्या. हवेपुढं पांढरा कागद धरा. तेलाचे ठिपके आले तरी रिंगाच. आणि खालचा ड्रेन उघडून बघा. हवा दाबली की पाणी सुटतं, ते काढलं नाही तर टाकी आतून गंजते.” मी सगळं वहीत लिहून घेतलं. ऑडिटला गेल्यासारखा भोसरीला गेलो.

मालक सत्तरीचे. पांढरी टोपी, कपाळाला बुक्का. शेड बंद करायला काढली होती. “या साहेब, चहा सांगतो.” तिथंच माझा निम्मा ऑडिट रिपोर्ट संपला.

हेडला हात लावला तर चटका बसला. “तुम्ही येणार म्हणून चालवून ठेवलाय,” ते म्हणाले. मला तो पाहुणचार वाटला. काटा सातवर होता. भरलेली टाकी रिकामी करा म्हणणं म्हणजे वाढलेलं ताट मागं सारण्यासारखं, म्हणून घड्याळ खिशातच राहिलं. कागद विसरला होता, तेव्हा हवेपुढं रुमाल धरला. त्यावर काळे ठिपके उमटले. मालकांनी रुमाल निरखला आणि हळुवार आवाजात म्हणाले, “धुवायला झालाय साहेब.” तीन दिवसांचा होता, काय बोलणार? ड्रेनचा कॉक हलेना. “गंजून घट्ट बसलाय. म्हणजे गळायची चिंताच नाही.”

सगळ्या मशीनला ताजा हिरवा रंग होता, वर्षाच्या प्लेटलासुद्धा.

किंमत चौदा हजार. मी नऊवर ठाम राहायचं ठरवून आलो होतो. तेवढ्यात त्यांनी टाकीवरून हात फिरवला. “पोरासारखा सांभाळलाय हो,” म्हणाले आणि डोळे पुसले. मी घसा खाकरून साडेतेरा म्हणालो. त्यांनी साडेतेरा मोजून घेतले आणि त्यातलेच पाचशे परत देऊन म्हणाले, “घरच्यांना पेढे न्या.” आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी माझ्या घासाघिशीची दया आली.

छोट्या हत्तीतून स्वारी घरी आली. उतरवायला पाच माणसं लागली. मेहुण्यानं आधी प्लेटवरचा रंग खरवडला. १९८९. “दाजी, तुमच्या लग्नाच्या आधीचा आहे.” मग पाइप पाना लावून कॉक फिरवला, तर निम्मी बादली भरेल एवढं चहाच्या रंगाचं पाणी आलं. टाकीची चाचणी होईपर्यंत त्यानं बटणाला हात लावू दिला नाही. टाकी पाण्यानं भरून हातपंपानं साडेदहा किलोपर्यंत दाब चढवला. पाणी फारसं दाबलं जात नाही, म्हणून टाकी फाटलीच तर नुसतं ओलं होतं. हवेनं ही परीक्षा घेतली तर निकाल ऐकायला माणूस उरेलच असं नाही. टाकी पास झाली. बाकी सगळे विषय राहिले. सात किलोला एकोणीस मिनिटं लागली, आणि दर वेळी चालू होताना घरातले दिवे मान खाली घालत.

त्या रात्री मी मेन स्विच बंद करायला विसरलो. कुठूनतरी हवा सुटत होती. प्रेशर पाचवर उतरलं, ऑटोमॅटिक स्विचनं आपलं कर्तव्य केलं, आणि अडीच वाजता घर हादरायला लागलं. वॉचमन काठी घेऊन आला. शेजारचे पायजम्यावर गेटपाशी. आई अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, “एवढ्या रात्री कोण दळण टाकतंय?”

पाटाचं काय झालं? हवेबरोबर तेल आलं आणि पॉलिशभर देवीचे व्रण उठले. ते घासून काढायला मला चार दिवस लागले. शेवटी सुतारालाच बोलावलं. त्यानं बोळ्यानं दोन दिवसांत आरसा केला.

जाताना त्यानं रंध्यातला भुसा कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवून बघितला. पुन्हा उडवला. मग यंत्राभोवती एक फेरी मारून विचारलं, “काका, केवढ्याला द्याल?”

मी काट्याकडं पाहिलं. सातवर होता. हेड चांगलं तापलेलं.

“बसा तर खरं, चहा घेऊ,” मी म्हणालो.

ही कप घेऊनच येत होती. “पोरासारखा सांभाळलाय हो ह्यांनी,” ती म्हणाली.